बावीस टेबलं आणि एक कढई

"पन्नास!" श्वेइमूने उपड्या पडलेल्या बांबूच्या टोपलीवर पंजा आपटला. "पन्नास टेबलं लागतील. एकसुद्धा कमी नाही."

ल्वान अंगणात उकिडवी बसून वाफवायच्या टोपल्या घासत होती. तिने मान वर केली नाही. "दादा, ती टोपली फुटली तर नवी तुझ्याकडून घेईन."

"मी लग्नाचं बोलतोय!"

"मीही लग्नाचंच बोलतेय. त्याच टोपलीत खेकडे वाफवायचेत."

श्वेइमू म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. माशांच्या चार तळ्यांचा मालक, आणि आवाज असा खणखणीत की त्याने तोंड उघडलं की शेजारची बदकंही गप्प बसतात. ल्वान अठ्ठावन्न वर्षांची. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. आमच्या या खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर लग्नाच्या जेवणाची आचारीण कोण म्हणून विचारलंत, तर शेंबडं पोरसुद्धा तिच्या दाराकडे बोट दाखवील. रस्त्यावर मांडव घालायचा, गोल टेबलं लावायची, टेबलाला दहा माणसं बसवायची आणि बारा पदार्थ एकामागून एक गरमागरम वाढायचे. तीस वर्षं तिने लोकांच्या लेकरांची लग्नं अशी पार पाडली. आता तिच्याच लेकाचं, वेन-पिनचं लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं, आणि टेबलं किती यावरून भावाबहिणीची जुंपली होती.

"अगं, आचारणीच्या पोराचं लग्न! लोक तोंडात बोटं घालतील असं जेवण व्हायला पाहिजे. शेजारच्या गावातल्या त्या शिंपल्यावाल्याने अठ्ठेचाळीस टेबलं केली."

"माहीत आहे. मीच रांधलं होतं. सोळा टेबलांवर माणूस नव्हतं. डुकरांनी खाल्ला तो मेवा."

श्वेइमूने तिकडे कानाडोळा केला. ल्वान हात पुसून उठली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऐक. माझ्याकडे पाच लाख आहेत. अकरा वर्षांत साठले तेवढे. त्यातले साडेतीन लाख ट्रकचे. जुना ट्रक मागच्या महिन्यात चुली-कढयांसकट पुलावर मेला, तू स्वतः ओढून आणलास. ट्रक नाही तर धंदा नाही. धंदा नाही तर वेन-पिन परत त्या स्क्रूच्या कारखान्यात जाणार आणि जाताना बायकोला घेऊन जाणार. पोरगा आपणहून घरी आलाय, हातात झारा धरलाय. मी त्याला पुन्हा गमावणार नाही. उरले दीड लाख, त्यात लग्न."

"आहेराची लाल पाकिटं येतील ना! खर्च आपोआप निघतो."

"कुणाला शिकवतोस? बाराशेचं पाकीट, आणि त्याच्यामागे आजी, सून, तीन नातवंडं. उठताना दोन पिशव्या भरून न्यायच्या त्या वेगळ्याच."

"मग वरचे मी देतो!"

मागच्या थंडीच्या लाटेत त्याचे अर्धे मासे पांढरी पोटं वर करून तळ्यावर तरंगले होते. पुरायला तीही फावडं घेऊन गेली होती. ओठावर आलेलं तिने गिळलं. "तुझे पैसे तळ्यात राहू देत, दादा," एवढंच म्हणाली.

पण तेही त्याला झोंबलंच. "बरं तर. पन्नासच्या खाली आलीस, तर मामाच्या खुर्चीवर मी बसणार नाही. बघ काय करतेस ते."

हे मात्र लागलं. आमच्यात नवऱ्यामुलाचा मामा पहिल्या टेबलाच्या मानाच्या खुर्चीवर बसतो. तो बसला की फटाक्यांची माळ, माळ संपली की पहिलं ताट. तो बसेपर्यंत प्रत्यक्ष देव जेवायला आला तरी कुणी जेवणाच्या काड्यांना हात लावत नाही. एक मामा दारूची बाटली हलकी आहे म्हणून दोन तास रुसून बसला होता, तेव्हा खेकड्याच्या भाताची वीट झालेली ल्वानने डोळ्यांनी पाहिली होती. आणि हिला तर भाऊ एकुलता एक.

"नको बसूस," ती म्हणाली. "जेवढी माणसं येतील तेवढी टेबलं. त्यावर एक नाही." आणि पुन्हा टोपली घासायला बसली. भाऊ तणतणत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून ल्वान घरोघर फिरायला लागली. होणारी सून पेइ-चेन स्कूटर चालवायची आणि ही मागे बसायची. पेइ-चेन दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पोरगी साधी दिसली तरी डोळे तरतरीत. पहिल्या घरी काकू गळ्यात पडली, "येणार म्हणजे काय, नक्की येणार! घरचंच लग्न!" बाहेर आल्यावर पेइ-चेनने वहीत पाच माणसं लिहिली.

"खोड ते," ल्वान म्हणाली.

"अहो, पण त्या तर नक्की म्हणाल्या."

"म्हणूनच खोड. तीस वर्षं ऐकतेय मी हे. 'नक्की येणार' म्हणणारा कधी येत नाही. गप्प ऐक आणि बघ."

पुढच्या घरी म्हातारबुवा नुसते हं हं करत होते. ल्वान उठायला लागली तशी त्यांनी हळूच विचारलं, "खेकडा वाफवलेला की तळलेला?"

"वाफवलेला."

"मग बरं. आणि डुकराच्या बरगड्यांत अळकुड्या घालशील ना? मागच्या वेळी जरा दडदडीत राहिल्या होत्या."

बाहेर येऊन ल्वान म्हणाली, "हे येणार. शिवाय सून आणि दोन नातवंडं. चार लिही." पेइ-चेन इतकी हसली की स्कूटर चालूच होईना. मग तिला खेळच मिळाला. कोण पदार्थ विचारतो, कोण नुसतं गोड बोलतो, कोण म्हणतो मी पंख्याजवळ बसणार. तैपेइला गेलेली पोरं पाकीट पाठवतील, पण येणार नाहीत. धाकट्या नणंदेच्या सासरचे न बोलावता सहा जण येतील. त्यांनाही तिने धरलं, कारण ते येणारच होते आणि येणाऱ्या माणसाला हाकलायची तिची जात नव्हती. सहा दिवस हिंडल्यावर, मुलीकडची दोन टेबलं धरून, आकडा झाला बावीस.

ल्वानने लाल कागदावर मोठ्या अक्षरांत बावीस लिहिलं, खाली बारा पदार्थ लिहिले. मग कितीतरी वेळ पेन हातात धरून बसली. शेवटी सगळ्यांत खाली एक ओळ वाढवली: कढई, एक, बारा हजार.

"ही कसली कढई?" वेन-पिनने विचारलं.

"ती माझी," ती म्हणाली, आणि कागद चुलीच्या वरच्या भिंतीला खळीने घट्ट चिकटवला.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी सकाळी सातला, ल्वान कांद्याची पात चिरत असताना, गावाचा भोंगा खरखरला. आमच्या गावात त्या भोंग्यावरून कचऱ्याची गाडी कळते, म्हाताऱ्यांची लस कळते, कुणाचं कुत्रं हरवलं तेही कळतं. गावप्रमुख तिंग घसा साफ करून बोलायला लागला. "गावकऱ्यांनो, आनंदाची बातमी! आपल्या ल्वानताईंच्या वेन-पिनचं लग्न! येत्या महिन्याच्या बारा तारखेला, टेबलं पन्नास! मामा श्वेइमू यांच्यातर्फे सगळ्या गावाला आग्रहाचं आमंत्रण! पुन्हा सांगतो, टेबलं पन्नास!"

सुरी पाटावर तशीच राहिली. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "अभिनंदन हो, ल्वानताई! आम्ही सात जण!"

"आई," वेन-पिन पांढराफटक पडला होता. "आता करावीच लागतील पन्नास. गावभर झालं. आता कमी केली तर शेण घालतील तोंडात. ट्रकचं नंतर बघू. मी दोन-तीन वर्षं कारखान्यात—"

"तोंड मिट," ल्वान म्हणाली. "स्कूटरची किल्ली दे."

एप्रन तसाच, हाताला कांद्याचा वास, अशी ती चावडीत शिरली. तिंग नुकताच चहाचा घोट घेत होता. तिला बघून अर्धा उठला. "या या, ताई! कसं वाटलं? श्वेइमूदादा म्हणाले की तुम्हाला एकदम—"

"माइक चालू कर."

"आता? अहो, परत कशाला?"

"तिंग, तुझ्या लग्नात रांधलं कुणी होतं?"

"तुम्ही."

"टेबलं किती सांगितली होतीस आणि माणसं किती आली होती, ते सांगू का भोंग्यावरून?"

तिंगने मुकाट्याने बटण दाबलं.

आयुष्यभर मांडवाच्या मागे चुलीच्या धगीत उभी राहिलेली बाई, चार माणसांत बोलायची वेळ आली की पदार्थांची नावं सांगून मोकळी व्हायची. आज सगळं गाव ऐकणार होतं. पण माघार घ्यायला ती आली नव्हती.

"मी ल्वान बोलतेय," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज देवळाकडून परत आलेला ऐकून दचकली. "मघाशी सांगितलं ते चुकीचं आहे. पन्नास नाहीत, बावीस टेबलं आहेत. ज्यांच्या घरी मी स्वतः येऊन गेले, त्यांना खुर्ची आहे. ज्यांच्याकडे आले नाही, त्यांना नाही. तुमच्यावर राग नाही माझा. पैसे नाहीत. म्हणजे आहेत, पण ते ट्रकचे आहेत. ट्रक नसला तर पुढच्या वर्षी तुमच्या पोरांच्या लग्नात कोण रांधायला येणार आहे? माझं भूत?"

कुठेतरी कुणीतरी हसलं. तिला धीर आला.

"आता दुसरं ऐका. त्या दिवशी दुपारी बाराला मांडवाच्या मागे मोठी कढई चढेल. शेपटाचा रस्सा. उष्ट्याउरल्याचा नाही, ताजा, तुमच्यासाठीच केलेला. ज्याला खुर्ची नाही त्याने पातेलं घेऊन यावं. पाकीट आणू नये. कुणाचंही पातेलं रिकामं जाणार नाही, हा माझा शब्द आहे. झालं."

शेपटाचा रस्सा हे आमच्याकडचं वेड आहे. पंगतीच्या शेपटाला, म्हणजे ती उठली की, बारा पदार्थांतलं उरलंसुरलं सगळं एका कढईत लोणच्याच्या मोहरीपानांबरोबर उकळायचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचं. मांडवात नाक मुरडत जेवणारे लोकही या रश्श्यासाठी पातेलं घेऊन धावतात.

ल्वानने बटण बंद केलं. तिंग डोकं खाजवत बसला होता. "ताई, असं भोंग्यावरून कुणी आजवर..." तो म्हणाला, मग थोडं थांबून, "बाराला म्हणालात ना?"

तिथून ती थेट तळ्यांवर गेली. श्वेइमू बांधावर उभा राहून माशांना दाणा टाकत होता. पाणी ढवळणारी चक्रं घरघरत होती. त्याने भोंगा ऐकला होता. कान लालबुंद झाले होते.

"नाक कापलंस माझं," तो म्हणाला. "सगळ्या गावासमोर."

"आधी माझ्या अंगणात पन्नास टेबलं कुणी आणून टाकली?"

"तुझ्यासाठीच टाकली ना!" त्याने डबा बांधावर आदळला. दाणे सांडले. "माझ्या लग्नात बाबांनी चाळीस टेबलं केली. जमीन विकून. पुढच्या वर्षी तुझं लग्न, तर पाच! पाच टेबलं, ल्वान! शाळेचे बाक मागून आणले होते. आणि जेवणं झाल्यावर शेजारी पातेली घेऊन फाटकाशी आले. रश्श्यासाठी. किती माणसं उभी होती सांगू? आणि कढईत काही नव्हतं. हाडंसुद्धा चाटूनपुसून संपली होती. एकेकाला सांगायला मी उभा होतो. नाही उरलं काकू, नाही उरलं मावशी. रिकामी पातेली घेऊन लोक परत गेले. चौतीस वर्षं झाली, मला ती पातेली अजून दिसतात. म्हणून पन्नास. म्हणजे तुझ्या दारातून तसं कुणी जाऊ नये."

ल्वानला हे माहीत होतं. नवरीच्या कपड्यांत आतल्या खोलीत बसून तिने सगळं ऐकलं होतं. पण भाऊ ते इतकी वर्षं मनात धरून बसला असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि रागही तेवढाच आला.

"मग टेबलं कशाला वाढवतोस, मूर्खा?" ती म्हणाली. "तेव्हा टेबलं कमी पडली नव्हती. त्या पाच टेबलांवर एक खुर्ची रिकामी नव्हती, माझं लग्न छान झालं. कमी पडला तो रस्सा. मोजून रांधलं की उरत नाही काही, आणि उरण्यावर भरवसा ठेवला की लोक रिकाम्या पातेल्याने जातात. म्हणून यंदा मी तो वेगळा धरलाय. बारा हजार. बावीस टेबलांच्या खाली स्वतंत्र लिहिलंय. भिंतीवर आहे, येऊन वाच."

श्वेइमू वाकून सांडलेले दाणे मुठीने गोळा करायला लागला. "मी चारचौघांत पन्नास सांगून बसलोय," तो पुटपुटला. "आणि बसणार नाही असंही बोलून बसलोय. आता कुठल्या तोंडाने येऊ?"

"ते तुझं तू बघ. खुर्ची तुझीच आहे. दुसऱ्या कुणाला बसवणार नाही मी. तू येईपर्यंत माळ पेटणार नाही, आणि वाफवलेला खेकडा किती वेळ थांबतो ते तुला ठाऊक आहे." एवढं बोलून ती स्कूटरवर बसली. वाटेत दोनदा थांबून तिने डोळे पुसले.

लग्नाच्या दिवशी साडेअकरालाच मांडव भरला. म्हातारबुवा पंख्याजवळची खुर्ची धरून बसले. नणंदेच्या सासरचे सहा जण आले. पहिल्या घरची ती नक्की येणारी काकू आली नाही, तेव्हा पेइ-चेनने नवरीच्या मुकुटाखालून सासूकडे बघून डोळा मारला. ल्वानने नवा लाल ब्लाउज घातला होता आणि त्यावर जुना एप्रन बांधला होता. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त मानाची खुर्ची रिकामी होती.

बारा वाजले. बारा वाजून पाच मिनिटं. मुलीकडची माणसं एकमेकांच्या कानाला लागली.

"आई, मामाला फोन करू?" वेन-पिनने विचारलं.

"नको."

"निदान थंड पदार्थांचं ताट तरी फिरवू का?"

"मामा बसल्याशिवाय काही फिरणार नाही."

"आणि नाहीच आला तर?"

"तर उभी राहीन." तिने खेकड्याच्या टोपल्यांखालची आच बारीक केली. आठ मिनिटं तग धरतील, दहा म्हणजे फार झाली, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिने पहिलं ताट उचलायला आलेल्या बायांना हातानेच थांबवलं आणि रस्सा करपू नये म्हणून मागे कढईकडे गेली.

कढईसमोर रांग लागली होती. पन्नासेक माणसं, हातात डबे, पातेली, एकाच्या हातात चक्क तांदळाच्या कुकरचं भांडं. गावप्रमुख तिंग सगळ्यांत पुढे होता. ल्वानने रांगेवरून नजर फिरवली आणि नवव्या माणसावर येऊन थांबली. निळा सूट, तेल लावून बसवलेले केस, छातीवर वेन-पिनने आदल्या दिवशी नेऊन दिलेलं लाल फूल, त्याखाली सोनेरी अक्षरांत 'मामा'. आणि दोन्ही हातांत त्यांच्या आईचं जुनं, पोचे पडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं.

"तू इथे काय करतोयस?" ती म्हणाली.

"पातेलं घेऊन या म्हणालीस. आलो." श्वेइमूने मान खाली घातली होती. "ज्याला खुर्ची नाही त्याची रांग ना ही? मी बसणार नाही म्हणालो होतो. शब्द मोडायचा कसा? पण रस्सा खाणार नाही असं मी कधी म्हणालो नव्हतो."

रांगेतले लोक हसायला लागले. ल्वान हसली नाही. तिने त्याच्या हातातून पातेलं घेतलं, डावाने काठोकाठ भरलं, वर झाकण दाबलं आणि ते कढईच्या शेजारी ठेवलं.

"हे जाताना ने. मांडवात दोनशे वीस खुर्च्या आहेत, दादा. दोनशे एकोणीस भरल्यात."

"ल्वान, लोक काय म्हणतील? आधी पन्नास म्हणाला, मग—"

"माझ्या लग्नात तू जेवला नव्हतास," ती म्हणाली.

श्वेइमूने एकदम मान वर केली.

"दिवसभर उभाच होतास, शेवटी फाटकाशी. लोकांना परत पाठवत. तुझी खुर्ची तू बाबांच्या मित्राला दिलीस, आणि मला सांगितलंस की पोट भरलंय. मला कळत नव्हतं असं वाटलं तुला?" तिने त्याचं कोपर पकडलं ते सोडलं नाही. "चल. बस आता. खेकडे वाळताहेत."

एवढ्या खणखणीत आवाजाचा माणूस, लहान मुलासारखा तिच्या मागून मांडवात आला आणि तिने खुर्ची ओढल्यावर तिच्यावर बसला. वेन-पिनने माळ पेटवली. धूर विरला तसं पहिलं ताट आलं, आणि ल्वानने ते स्वतःच्या हाताने आधी भावाच्या पुढ्यात ठेवलं.